विपश्यनेला पहिल्यांदा जाताना औषधाची पिशवी घरी ठेवू नका

वस्तीतल्या आरोग्य शिबिरात रक्तदाब तपासताना मला हल्ली एक प्रश्न हमखास ऐकायला मिळतो. “ताई, मी दहा दिवस विपश्यनेला चाललेय. तिकडे गेल्यावर गोळ्या बंद केल्या तरी चालतील ना?” नाही, चालणार नाही. उत्तर सुरुवातीलाच देऊन ठेवते. म्हणजे कामाच्या घाईत ज्यांना पुढचे वाचायला सवड नाही, त्यांच्या उपयोगाचे एवढे तरी झाले.

विचारणाऱ्या बाईची यात काही चूक नाही. तिला कुणीतरी सांगितलेले असते की विपश्यनेने शुगर जाते, बीपी जातो, नवऱ्याची दारू सुटते. सांगणाराही वाईट मनाचा नसतो. त्याला तिथे बरे वाटलेले असते. पण बरे वाटणे वेगळे आणि आजार बरा होणे वेगळे. मी स्वतः दहा दिवसांचे शिबिर केले आहे आणि मला ते आवडले. तेव्हा जाऊ नका असे सांगायला हा लेख लिहीत नाही. जा, पण तिथे शरीराला आणि मनाला काय काय सोसावे लागते ते कळल्यावर जा.

आपल्याकडे विपश्यना म्हटले की इगतपुरीचे धम्मगिरी आठवते. सत्यनारायण गोयंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले, त्याच वर्षी मुंबईत पहिले शिबिर झाले आणि १९७६ साली धम्मगिरी सुरू झाले. आता नागपूर, पुणे, नाशिक, कोल्हापूर या भागांतही केंद्रे आहेत. पद्धत सगळीकडे तीच, वेळापत्रक तेच, आणि सूचनाही गोयंकांच्या आवाजातल्या ध्वनिमुद्रित.

या गोयंकांचीच एक गोष्ट आरोग्याच्या पानावर सांगण्यासारखी आहे. ते मंडालेत जन्मलेले व्यापारी. त्यांना भयंकर अर्धशिशी होती. इतकी की दुखणे थांबवायला मॉर्फिनचे इंजेक्शन घ्यावे लागे. परदेशातल्या डॉक्टरांचे उपचारही करून झाले. शेवटी ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे ऊ बा खिन ब्रह्मदेश सरकारचे अकाउंटंट जनरल होते, संसारी गृहस्थ होते आणि ध्यान शिकवत होते. डोकेदुखी घालवायला आलो, असे गोयंकांनी सांगताच त्यांनी शिबिरात घ्यायला नकार दिला. धम्म अंगाचे दुखणे घालवण्यासाठी नाही, मनाची मलिनता घालवण्यासाठी आहे. त्या ओघात दुखणे कमी झाले तर झाले, असे त्यांचे म्हणणे होते. गोयंकांनी हे स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. ज्या गुरूपासून ही परंपरा आपल्यापर्यंत आली, त्यानेच विपश्यनेला दवाखाना मानायला नकार दिला होता. मग आपण वस्तीत तो दवाखाना कशाला उघडायचा?

दिवस कसा जातो

शिबिर दहा दिवसांचे म्हणतात, पण घरातून बारा दिवस जातात. आदल्या दिवशी दुपारी पोहोचून नाव नोंदवायचे आणि अकराव्या दिवशी सकाळी निघायचे. पुरुष वेगळे, स्त्रिया वेगळ्या. मोबाइल, पुस्तक, वही, पेन सगळे जमा करायचे. तुम्ही पिशवीतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ नेलात तर तोही ठेवून घेतात. हा अपमान नाही, सगळ्यांची सगळी पुस्तके ठेवतात. सुरुवातीला पाली भाषेतून पंचशील घ्यायचे असते. इतर लोक अडखळतात, आपल्या लोकांना ते विहारात लहानपणापासून पाठ असते. त्या क्षणी थोडे बरे वाटते, हे कबूल करते.

पहाटे ४ ला घंटा होते. साडेचार ते साडेसहा ध्यान, मग नाश्ता. ८ ते ११ ध्यान, ११ ला जेवण, जरा विश्रांती. १ ते ५ पुन्हा ध्यान. ५ ला चहा. नव्या लोकांना सोबत फळ किंवा चुरमुऱ्यासारखे हलके खाणे, जुन्यांना नुसते लिंबूपाणी. ६ ते ७ ध्यान, मग सव्वा तासाचे प्रवचन, मग परत थोडे ध्यान आणि साडेनऊला दिवे बंद. बेरीज करून पाहा, बसणे दहा तासांच्या वर जाते. झोप जेमतेम साडेसहा तास. आणि सकाळी ११ च्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्यापर्यंत पोटभर खाणे नाही. हे तीन आकडे लक्षात ठेवा. पुढचे सगळे त्यांच्यावर उभे आहे.

पहिले साडेतीन दिवस फक्त येणारा-जाणारा श्वास पाहायचा. याला आनापान म्हणतात. श्वास मोजायचा नाही, रोखायचा नाही, कुठले नाव घ्यायचे नाही. चौथ्या दिवशी विपश्यना देतात, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत अंगावर काय जाणवते ते क्रमाने पाहत जायचे. खाज, दुखणे, मुंग्या, ऊब जे असेल ते, आणि त्यावर चिडायचे नाही की खूश व्हायचे नाही. त्यानंतर दिवसातून तीन वेळा एकेक तास शक्यतो न हलता बसायचे असते. त्याला अधिष्ठान म्हणतात.

ते ‘शक्यतो’ विसरू नका. गुडघे झिजलेले असतील, कंबरेत गॅप असेल, ऑपरेशन झाले असेल तर पहिल्याच दिवशी खुर्ची किंवा पाठीला टेका मागा. मिळतो. मांडी घालून बसल्याने पायाला मुंग्या येणे, पाय बधिर होणे हे नेहमीचे. उठून दोन मिनिटांत जाते. पण बधिर पायावर एकदम उभे राहू नका. आधी घोटे फिरवा, बोटे हलवा, मग भिंतीला धरून उठा. पाऊल वर उचलता येत नसेल, चप्पल पायातून निसटत असेल आणि ते काही वेळाने सुटत नसेल, तर नस दाबली गेली आहे. मग जमिनीवर बसणे बंद करायचे आणि सांगायचे. याला हिंमत म्हणून सोसत बसू नका.

मौन म्हणजे मुके होणे नव्हे

सगळ्यात जास्त भीती मौनाची वाटते. “बाई, दहा दिवस तोंड बंद? मी तर वेडीच होईन!” असे आमच्या महिला मंडळातली प्रत्येक जण म्हणते. प्रत्यक्षात न बोलणे दुसऱ्या दिवशी अंगवळणी पडते. बोलायचे नाही, खुणा करायच्या नाहीत, चिठ्ठ्या द्यायच्या नाहीत. दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटते. सासू-सून, शेजारी, नळावरचे भांडण, कशालाच उत्तर द्यावे लागत नाही म्हटल्यावर अनेक बायांना आयुष्यात पहिल्यांदा सुट्टी मिळाल्यासारखे वाटते. जड जाते ते दुसरेच. बाहेर शांत झाले की आतला गोंगाट ऐकू येतो.

पण हे मौन साधकांच्या आपसातले आहे. राहण्या-जेवणाची अडचण धम्मसेवकांना सांगायची मुभा असते, ध्यानातली शंका आचार्यांना विचारायची वेळ ठरलेली असते. छातीत दुखणे, उलट्या, ताप, चक्कर, पोटात कळ, अंगावरून जास्त जाणे, यातले काहीही झाले तर ताबडतोब बोलायचे. रात्री दोन वाजता झाले तर रात्री दोन वाजता बोलायचे. शेजारच्या खाटेवरची बाई घामाघूम होऊन पडली असेल आणि तुम्ही मौन मोडेल म्हणून गप्प राहिलात, तर त्यात धम्म कुठे राहिला?

खुद्द बुद्धांनी याबाबत काय केले ते विनयपिटकाच्या महावग्गात आहे. कोसल देशातल्या काही भिक्खूंनी वर्षावासाचे तीन महिने एकमेकांशी अवाक्षर न बोलता काढले. भांडण नको, वाद नको म्हणून. नंतर ते श्रावस्तीला येऊन मोठ्या समाधानाने बुद्धांना हे सांगू लागले. बुद्धांनी त्यांची कानउघाडणी केली. हे तर जनावरांनी एकत्र राहण्यासारखे झाले, असे त्यांना सुनावले आणि मुके राहण्याचे असले व्रत घेऊ नये असा नियम घातला. वर्षावासाच्या शेवटी भिक्खू एकमेकांना माझे काही चुकले असेल तर सांगा अशी विनंती करतात, ती पवारणेची प्रथा याच प्रसंगातून आली. म्हणजे मौन हे साधन आहे, दहा दिवसांपुरते आहे. ते पवित्र म्हणून जपायची गोष्ट नाही.

गोळ्या, इन्सुलिन आणि अर्जातले रकाने

शिबिराच्या अर्जात आजार, चालू औषधे, मानसिक त्रास, व्यसन यांची माहिती विचारतात. हे रकाने पुष्कळ जण कोरे ठेवतात. खरे लिहिले तर नाव नाकारतील, ही भीती. नाकारलेच तर त्यामागे तुमच्या जिवाची काळजी आहे. पहाटे तुम्हाला फिट आली आणि कुणालाच काही माहीत नाही, यापेक्षा ते कितीतरी बरे.

मधुमेह. वर सांगितलेले जेवणाचे गणित इथे लागू होते. संध्याकाळी ५ च्या हलक्या खाण्यानंतर सकाळी साडेसहापर्यंत साडेतेरा तास पोटात काही नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांची किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर रात्री घसरू शकते. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना हा धोका फार कमी. म्हणून जाण्याआधी आठ-पंधरा दिवस आपल्या डॉक्टरांना जेवणाच्या वेळा लिहून दाखवा आणि डोस बदलायचा का ते त्यांनाच ठरवू द्या. अर्जात लिहा, पोहोचल्यावर धम्मसेवकांना तोंडी सांगा, संध्याकाळी जास्त खाणे लागणार असेल तर आधीच मागा. घाम सुटला, हात थरथरू लागले, धडधड झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली की ध्यान थांबवायचे आणि तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून प्यायचे. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा घ्यायचे, आणि वर काहीतरी खायचे. ग्लुकोजची पुडी उशाशी असू द्या. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही ओतू नका, थेट दवाखाना.

बीपीची गोळी एक दिवसही चुकवू नका. पहाटेच्या घंटेला ताडकन उठू नका. आधी कुशीवर वळा, मग मिनिटभर खाटेवर बसा, मग उभे राहा. फिटची गोळी घेणाऱ्यांना तर कमी झोपेनेच फिट येऊ शकते, म्हणून डॉक्टर ‘हो’ म्हणाले तरच अर्ज करा. टीबीचे औषध चालू असेल तर आधी ते पूर्ण होऊ द्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून मगच जा. हॉलमध्ये शेकडो माणसे तासन्‌तास एकत्र श्वास घेत असतात. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांना मात्र चारची घंटा सोयीचीच, गोळी उपाशीपोटी होते.

सिकलसेलबद्दल वेगळे लिहिते, कारण विदर्भातल्या आपल्या बौद्ध घरांत हा आजार आहे आणि विपश्यनेच्या संदर्भात त्याविषयी कुणी बोलत नाही. सिकलसेलच्या रुग्णाला पाणी कमी पडणे, थंडी, थकवा, अपुरी झोप यांतून वेदनेचा झटका येऊ शकतो. शिबिरात नेमके काय होते? एक तास उठावे लागू नये म्हणून माणसे पाणी कमी पितात. पहाटे गार फरशीवरून हॉलमध्ये जातात. डिसेंबरात किंवा पावसात इगतपुरीची हवा नागपूरच्या माणसाला झोंबते. त्यातून हाडे दुखू लागली की तिथे सगळे सांगत असतात, दुखणे नुसते पाहा, ते जाईल. साध्या दुखण्याला हे लागू आहे. सिकलसेलच्या झटक्याला नाही. त्यात रक्तवाहिनी तुंबलेली असते. तिला पाणी, ऊब, वेदनाशामक औषध आणि कधी ऑक्सिजन लागतो. तुमचे कार्ड ‘एसएस’चे असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका. गेलात तर जवळच्या केंद्रात, थंडी-पाऊस टाळून, हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या बरोबर घेऊन. दर बैठकीआधी पाणी प्या आणि मध्येच उठावे लागले तर उठा. ‘एएस’ म्हणजे नुसते वाहक असाल तर सहसा अडचण नाही, पण पाणी तरीही भरपूर प्या.

गरोदर बाईने आणि अंगावर पिणारे मूल असलेल्या आईने घाई करू नये. विपश्यना पळून जात नाही. मिश्री, तंबाखू, गुटखा तिथे चालत नाही. आपल्या कित्येक बाया सकाळी मिश्री लावल्याशिवाय संडासला जात नाहीत, त्यांचे पहिले तीन दिवस डोकेदुखी, चिडचिड आणि बद्धकोष्ठात जातात. महिनाभर आधीपासून कमी करत आणा. तो त्रास धोक्याचा नाही, सुटण्याचा आहे.

दारू सोडवायला थेट शिबिरात पाठवू नका

हे मला सगळ्यात ठासून सांगायचे आहे. नवऱ्याला किंवा पोराला दारूतून बाहेर काढायला धडपडणाऱ्या बाया अर्जात दारूचा रकाना लपवून त्याला गाडीत बसवून देतात. त्यांची तळमळ मला कळते. पण रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकदम बंद झाली की काय होते ते मी वॉर्डात पाहिले आहे. पहिल्या दिवसात हात कापतात, घाम येतो, उलटीची भावना होते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे दिसतात, ताप चढतो, माणूस उठून पळू लागतो. याला डॉक्टर डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावतो.

आता हे दिवस शिबिराच्या दिवसांशी जुळवून पाहा. अंधारात बसलेला, कुणाशी न बोलणारा, दवाखान्यापासून दूर असलेला माणूस. शेजाऱ्याला वाटते याचे ध्यान चढले आहे.

आधी सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात दाखवा. दारू सोडतानाचा हा त्रास आटोक्यात ठेवायला गोळ्या असतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व म्हणजे थायमिन देतात. शरीरातून दारू निघाली, काही आठवडे तो न पिता राहिला, खाऊ-झोपू लागला, की मग शिबिराचा विचार करा. तेव्हा त्याचा उपयोगही होईल. तलफ उठते, वाढते आणि आपोआप ओसरते, हे अंगावर अनुभवून पाहणे ही दारू सोडलेल्या माणसाच्या फार कामाची गोष्ट आहे.

रडू येणे आणि भान हरपणे

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून हॉलमध्ये कुणी ना कुणी मुसमुसत असते. मलाही रडू आले होते. शांत बसल्यावर जुने वर येते. मेलेले मूल, शाळेत जातीवरून वेगळे बसवल्याचा दिवस, नवऱ्याचा मार, पाडलेली झोपडी. आपल्या घरांत हे साठलेले कमी नाही, आणि त्यावर बसून रडायला आजवर कुणी वेळ दिलेला नसतो. रडून हलके वाटत असेल, रात्री झोप लागत असेल, जेवण जात असेल तर घाबरायचे कारण नाही.

काही खुणा मात्र वेगळ्या आहेत. ओळीने दोन-तीन रात्री झोपच लागत नाही आणि तरी थकवा वाटत नाही. कानात आवाज येतात. लोक आपल्याविरुद्ध काही रचत आहेत असे वाटते. आपल्याला काही खास शक्ती मिळाली असे वाटते. जीव द्यावासा वाटतो. किंवा हल्ल्याचा, बलात्काराचा जुना प्रसंग आत्ताच घडतो आहे असा डोळ्यांसमोर उभा राहतो आणि श्वास कोंडतो. अशा वेळी डोळे उघडा, ध्यान थांबवा, आचार्यांना सांगा आणि घरी येण्याची व्यवस्था करायला लावा. दीर्घकाळ एकांतात ध्यान केल्यावर काही थोड्या लोकांना असे त्रास झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवलेले आहे. तुम्ही कमकुवत आहात, तुमचे पुण्य कमी पडले, असा त्याचा अर्थ नाही. पुण्याचा तर विषयच नको.

स्किझोफ्रेनिया, बायपोलर, खोल डिप्रेशन यांचे औषध चालू असणाऱ्यांसाठी दहा दिवसांचे शिबिर ही सुरुवातीची जागा नव्हे. त्यांच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तर मुळीच नव्हे. कमी झोपेने बायपोलरचा आजार उसळतो. घरात नुकताच मृत्यू झाला असेल, तुमच्यावर अत्याचार होऊन केस चालू असेल, तर काही महिने थांबा आणि आधी बोलून मोकळे व्हा. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येते, मराठीतही.

फुकट, पण कुणासाठी?

शिबिराला फी नाही. राहणे, जेवण, शिकवणे सगळे आधीच्या साधकांच्या दानातून चालते. पण धुणी-भांडी करणाऱ्या बाईला बारा दिवसांचे खाडे पडतात, आणि परत येईपर्यंत मालकिणीने दुसरी बाई ठेवलेली असते. कंत्राटी सफाई कामगाराचेही तेच. राज्य सरकारी नोकरीत विपश्यनेसाठी रजेची तरतूद आहे. आपल्या कार्यालयाच्या आस्थापना शाखेत विचारा. बाकीच्यांनी बचत गटातून एकमेकींची सोय करावी. एकीच्या कामावर दुसरीने बदली जावे आणि पुढच्या वेळी उलट. आणि तिसऱ्या-चौथ्यांदा शिबिराला निघालेल्या पुरुषांनी आपल्या बायकोचे अजून एकही झाले नाही, याकडे जरा पाहावे.

आपल्या चळवळीत विपश्यनेवर वाद आहे आणि तो असावाच. डोळे मिटून बसल्याने लढा थंडावतो, असे काही जण म्हणतात. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी भिक्खूबद्दल प्रश्न उभा केला आहे. भिक्खू घडवण्यात बुद्धांचा हेतू काय होता, स्वतःपुरता परिपूर्ण माणूस की लोकांची सेवा करणारा? तो प्रश्न शिबिराला जाणाऱ्या उपासकालाही लागू आहे. माझे म्हणणे साधे आहे. दहा दिवस डोळे मिटल्याने नळाला पाणी येत नाही, त्यासाठी महापालिकेवर जावेच लागते. पण मोर्चात जाणाऱ्याचा राग आणि बीपी ताब्यात असला, तर मोर्चाचे काही बिघडत नाही.

बारा दिवस जमत नसतील तर सुरुवात लहान करा. लोणावळ्याजवळ भाजे येथे त्रिरत्न बौद्ध महासंघाचे सद्धम्म प्रदीप केंद्र आहे. तिथल्या शिबिरांत ध्यानाबरोबर अभ्यास आणि चर्चाही असते. गोराईच्या पॅगोड्यातले एक दिवसाचे शिबिर मात्र दहा दिवस पूर्ण केलेल्यांसाठीच असते, पहिल्यांदा म्हणून तिथे जाऊन हात हलवत परतू नका. घरी सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे, खुर्चीवर बसून का होईना, नुसता श्वास पाहा. एक आठवडा रात्रीचे जेवण लवकर घ्या आणि पहाटे साडेचारला उठून पाहा. शरीर काय म्हणते ते कळेल.

निघताना सैल कपडे, चादर, स्वेटर, पॅड, आणि दहा नव्हे तर चौदा दिवसांच्या गोळ्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. केंद्राच्या कार्यालयाचा फोन नंबर घरी भिंतीवर लिहून ठेवा. अडीअडचणीला निरोप तिथेच पोहोचतो.

परत आल्यावर पहिले दोन दिवस वस्तीचा आवाज अंगावर येतो. टीव्ही, लाउडस्पीकर, मोबाइल सगळेच. जमले तर एक दिवस कामाला जाऊ नका. आठवड्याच्या आत बीपी आणि शुगर तपासून घ्या. दोन्ही खाली आलेले असतील तर छानच, पण ते शिबिरातल्या साध्या जेवणाने, चहा-मीठ कमी झाल्याने, तंबाखू सुटल्यानेही असते आणि घरच्या ताटावर परत वर जाऊ शकते. गोळी कमी करायची का, ते डॉक्टर दोन-तीन वेळा तपासून ठरवतील. तपासायला याल तेव्हा शिबिरात वापरलेली गोळ्यांची पाकिटे घेऊन या, किती गोळ्या उरल्या ते मी मोजणार आहे.